ट्वीकरने विंडोज बदलताना: परतीची वाट आधी, टिक नंतर

लॅपटॉप रखडायला लागला की दोन सल्ले हमखास मिळतात. ‘फॉरमॅट मारून घे’ हा एक, आणि ‘अमुक सॉफ्टवेअर टाक, एका क्लिकमध्ये पळायला लागेल’ हा दुसरा. पहिल्यात एक-दोन दिवस जातात. दुसऱ्यात कधी कधी अख्खं विंडोज जातं आणि शेवटी फॉरमॅट मारावंच लागतं.

ट्वीकर म्हणजे हेच दुसऱ्या सल्ल्यातलं, विंडोजच्या सेटिंग्ज बदलणारं सॉफ्टवेअर. तो स्वतः काही वेगवान करत नाही. विंडोजमध्ये आधीपासूनच असलेली, पण सेटिंग्जच्या पानांवर न दिसणारी किंवा चार मेनूंच्या आत दडलेली बटणं तो एका खिडकीत मांडून देतो. तुम्ही टिक केली की तो रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही) एखादी किंमत बदलतो, एखादी सर्व्हिस (पडद्यामागे चालणारा प्रोग्रॅम) बंद करतो किंवा पॉलिसी (सक्तीचा नियम) लिहितो. म्हणजे धोका त्या सॉफ्टवेअरपेक्षा आपण कशाला टिक करतोय हे माहीत नसण्यात जास्त आहे. पुढचं सगळं विंडोज ११ धरून लिहिलं आहे. विंडोज १० वर बहुतेक गोष्टी तशाच आहेत, मेनूंची नावं थोडी इकडे-तिकडे.

कोणती साधनं घ्यायची

सुरुवातीला तीन पुरतात. सुरू होताना काय काय चालतं ते पाहायला ऑटोरन्स. हे सिसइंटर्नल्सचं साधन, आणि २००६ पासून सिसइंटर्नल्स मायक्रोसॉफ्टकडेच आहे. दिसणं-वागणं बदलायला विनएरो ट्वीकर. माहिती बाहेर पाठवणाऱ्या सेटिंग्ज बंद करायला ओ अँड ओ शटअप टेन प्लस प्लस. तिन्ही फुकट आहेत. ऑटोरन्स आणि शटअप इन्स्टॉलसुद्धा करावे लागत नाहीत, फाइल उघडली की चालू.

डाऊनलोड बनवणाऱ्याच्याच साइटवरून करा. तिथेही हिरवंगार मोठं ‘डाऊनलोड’ बटण बऱ्याचदा जाहिरातीचं असतं, खरा दुवा खाली बारीक अक्षरात असतो. उतरवलेल्या फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि ‘डिजिटल सिग्नेचर्स’ टॅबवर बनवणाऱ्याचं नाव आहे का बघा. सही असावी असं साधन असून टॅबच दिसत नसेल, तर ती फाइल उघडू नका.

रजिस्ट्री क्लीनर, ड्रायव्हर अपडेटर आणि रॅम बूस्टर या तीन जातींच्या वाटेला जाऊ नका. रजिस्ट्रीत हजारभर जुन्या नोंदी राहिल्या तरी वेगात फरक पडत नाही; चुकीची एक नोंद उडाली तर मात्र ऑफिस किंवा प्रिंटर बसतो. अशी क्लीनर साधनं वापरायला मायक्रोसॉफ्टचाही पाठिंबा नाही. रॅम बूस्टर तर चालू प्रोग्रॅमची माहिती रॅममधून हुसकावून डिस्कवर ढकलतो. आकडा छान दिसतो आणि पुढच्या क्लिकला लॅपटॉप आणखी अडखळतो. शिवाय असं प्रत्येक सॉफ्टवेअर ॲडमिनचे हक्क घेऊन बसतं. २०१७ साली सीक्लीनर या क्लीनर सॉफ्टवेअरच्या ५.३३ आवृत्तीत, तेही अधिकृत डाऊनलोडमध्येच, हल्लेखोरांनी मालवेअर घुसवला होता. म्हणून अशी साधनं जितकी कमी तितकं बरं.

हात लावण्याआधी

पहिलं काम रिकव्हरी कीचं, आणि नवशिके नेमकं हेच विसरतात. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट (कुलूपबंद) झालेली असते आणि मालकाला पत्ताही नसतो. उद्या विंडोज सुरू झालं नाही आणि तुम्ही दुरुस्तीच्या निळ्या पडद्यावर गेलात, की तो हीच रिकव्हरी की, म्हणजे कुलूप उघडणारी ४८ अंकी बिटलॉकर की मागतो. ती नसेल तर डेटा गेला, कोणताही दुरुस्तीवाला तो काढून देऊ शकत नाही. सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’खाली ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ चालू दिसलं, तर मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन की शोधा आणि कागदावर उतरवा. त्याच लॅपटॉपवर सेव्ह करून उपयोग नाही.

दुसरं, रिस्टोअर पॉइंट, म्हणजे विंडोजची आजची जपून ठेवलेली स्थिती, जिथे नंतर परत येता येतं.

१. स्टार्टमध्ये ‘क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट’ शोधा.
२. सी ड्राइव्हसमोर प्रोटेक्शन ‘ऑफ’ असेल (नव्या लॅपटॉपवर बहुधा असतं), तर ‘कॉन्फिगर’ दाबून चालू करा आणि जागा साधारण १० जीबी द्या.
३. ‘क्रिएट’ दाबा आणि नाव असं द्या की महिन्याभरानेही कळावं: ‘ट्वीकच्या आधी, स्टार्टअप’.

हे हातानेच करा. ट्वीकर स्वतःही रिस्टोअर पॉइंट बनवू पाहतात, पण गेल्या २४ तासांत एखादा पॉइंट बनलेला असेल तर विंडोज प्रोग्रॅमची विनंती गुपचूप सोडून देतं. पॉइंट झाला असं तुम्ही धरून चालता, आणि गरज पडते तेव्हा तो सापडत नाही. आणखी एक, रिस्टोअर पॉइंट सिस्टीम मागे नेतो, तुमचे फोटो आणि एक्सेलच्या फाइली नाही. त्या पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर वेगळ्या ठेवा.

तिसरं, मोजमाप. ‘फास्ट वाटतंय’ हे मोजमाप नव्हे. लॅपटॉप रीस्टार्ट करा, पाच मिनिटं हात लावू नका, मग कंट्रोल + शिफ्ट + एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा. सीपीयू, मेमरी आणि डिस्क किती टक्के आहेत ते वहीत लिहा. ‘स्टार्टअप ॲप्स’ पानावर वर उजवीकडे ‘लास्ट बायोस टाइम’ दिसतो. तो वेळ मदरबोर्डचा आहे, विंडोजमधल्या ट्वीकने तो कमी होत नाही. विंडोजला सुरू व्हायला किती वेळ लागला हे अचूक हवं असेल, तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज’, ‘मायक्रोसॉफ्ट’, ‘विंडोज’, ‘डायग्नोस्टिक्स-परफॉर्मन्स’, ‘ऑपरेशनल’ असं आत जा. १०० क्रमांकाच्या नोंदीत ‘बूट ड्युरेशन’ मिलिसेकंदांत असतो. ४५००० म्हणजे ४५ सेकंद. दोन-तीन दिवसांचे आकडे घ्या, एकावर विसंबू नका.

टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’ पानावर डिस्कखाली ‘एचडीडी’ लिहिलं असेल आणि काही चालू नसतानाही डिस्क १०० टक्क्यांवर अडकत असेल, तर हा लेख बाजूला ठेवून एसएसडी बसवून घ्या. कितीही टिक केल्या तरी फिरणाऱ्या डिस्कची एसएसडी होत नाही. तसंच ४ जीबी रॅमवर विंडोज ११ आणि काही न उघडताच मेमरी ८५ टक्के असेल, तर दुखणं रॅमचं आहे.

स्टार्टअप: खरा फायदा इथे

टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप ॲप्स’ पानावर ‘स्टार्टअप इम्पॅक्ट’ रकाना ‘हाय’ने लावा. टीम्स, गाण्यांची ॲप्स, गेम लाँचर, पीडीएफ वाचकाचा अपडेटर, प्रिंटरचा शाई दाखवणारा मॉनिटर: ही सगळी राइट क्लिक करून ‘डिसेबल’ केली तरी हवी तेव्हा उघडतात. टचपॅडची, आवाजाच्या ड्रायव्हरची आणि ‘विंडोज सिक्युरिटी’ची नोंद राहू द्या. वनड्राइव्ह बंद करण्याआधी डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर त्याच्याशी जोडलेले आहेत का ते बघा. जोडलेले असतील आणि तुम्ही तो बंद केलात, तर फाइली वर जाणं थांबतं. हे लक्षात येतं ते लॅपटॉप हरवल्यावर.

इतक्याने भागलं तर उत्तम. नाहीच भागलं तर ऑटोरन्स ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करून उघडा. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती यादी बघून घाम फुटतो. ‘ऑप्शन्स’मध्ये ‘हाइड मायक्रोसॉफ्ट एंट्रीज’ला टिक करा, यादी एकदम आवाक्यात येते. पिवळी ओळ म्हणजे नोंद आहे पण फाइल सापडत नाही. बहुधा काढून टाकलेल्या सॉफ्टवेअरचं उष्टं. गुलाबी ओळ म्हणजे बनवणाऱ्याची सही पटलेली नाही. ती व्हायरसच असते असं नाही, जुन्या स्कॅनरचे ड्रायव्हरही तसे दिसतात.

आधी ‘फाइल’मधून ‘सेव्ह’ करा, म्हणजे नंतर ‘कंपेअर’ने फरक पाहता येतो. मग नको त्या ओळीची फक्त टिक काढा, ‘डिलीट’ नको. टिक काढलेली नोंद ऑटोरन्स बाजूच्या कप्प्यात जपून ठेवतो, परत टिक केली की जागेवर येते. डिलीट केलेली येत नाही. ‘लॉगऑन’ आणि ‘शेड्यूल्ड टास्क्स’ या दोनच टॅबवर काम करा. ‘ड्रायव्हर्स’ आणि ‘विनलॉगऑन’ टॅब नुसते पाहायला ठीक. तिथली एक चुकीची टिक काढली की पुढचा रीस्टार्ट थेट निळ्या पडद्यावर जातो.

एका वेळी दोन-तीनच टिका काढा आणि रीस्टार्ट करा. ‘शटडाऊन’ करून पुन्हा चालू करणं पुरत नाही: ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर शटडाऊनमध्ये विंडोजचा गाभा झोपवला जातो, पूर्ण बंद होत नाही. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूखाली ‘अप टाइम’ बघा. रोज रात्री बंद होणारा लॅपटॉप तिथे ‘१९ दिवस’ दाखवतो तो यामुळेच.

दिसणं आणि वागणं

‘ॲडजस्ट द अपिअरन्स अँड परफॉर्मन्स ऑफ विंडोज’ ही खिडकी स्टार्टमध्ये शोधली की मिळते. इथे बहुतेक जण ‘ॲडजस्ट फॉर बेस्ट परफॉर्मन्स’ दाबून मोकळे होतात आणि मग मराठी अक्षरं दातेरी का दिसतात म्हणून विचारत बसतात. त्या एका बटणाने ‘स्मूद एजेस ऑफ स्क्रीन फॉन्ट्स’चीही टिक जाते. इंग्रजीत ते कसंबसं खपतं. देवनागरीत शिरोरेषा, रफार आणि जोडाक्षरं फुटतात. तेव्हा ती टिक आणि ‘शो थंबनेल्स’ची टिक परत लावा. बाकी ॲनिमेशन खुशाल काढा.

विनएरो ट्वीकरमध्ये डावीकडे यादी आणि वर शोधायची जागा आहे. विंडोज ११ चा अर्धवट राइट क्लिक मेनू ज्यांना सतावतो त्यांनी ‘क्लासिक फुल कॉन्टेक्स्ट मेन्यूज’ला टिक करून एक्सप्लोरर रीस्टार्ट करावा. बदल पसंत नसेल तर त्याच पानावरचं ‘रिसेट धिस पेज टू डिफॉल्ट्स’ वापरा. हे साधन निवडण्याचं मोठं कारण तेच: प्रत्येक पानाला आपली परतीची कळ आहे.

ट्वीकर आत काय करतो ते कळण्यासाठी एक बदल हाताने करून पाहावा. उपमेनू उघडण्याआधी विंडोज ४०० मिलिसेकंद थांबतं, तो वेळ कमी करूया.

१. स्टार्टमधून ‘रजिस्ट्री एडिटर’ उघडा.
२. ‘एचकी करंट यूजर’, त्यात ‘कंट्रोल पॅनल’, त्यात ‘डेस्कटॉप’ इथवर जा.
३. ‘डेस्कटॉप’वर राइट क्लिक करून ‘एक्सपोर्ट’ करा, फाइलच्या नावात तारीख घाला.
४. उजवीकडे ‘मेनूशोडिले’वर डबल क्लिक करा, ४०० च्या जागी १५० लिहा.
५. साइन आउट करून परत या.

शून्य लिहू नका. माउस नुसता वरून गेला तरी उपमेनू फटाफट उघडतात आणि क्लिक भलत्याच ठिकाणी पडतो. फरक जुन्या पद्धतीच्या मेनूंवरच दिसेल. एक्सपोर्ट केलेली फाइल डबल क्लिक केली की जुनी किंमत परत येते. पण तुम्ही नव्याने घातलेली नोंद त्याने पुसली जात नाही, कारण ती फाइल फक्त मिसळते, वजा करत नाही. नवी नोंद हातानेच काढावी लागते.

शटअप वापरताना

प्रत्येक ओळीसमोर शिफारस लिहिलेली असते: हो, मर्यादित किंवा नाही. नवशिक्याने ‘ॲक्शन्स’ मेनूतून फक्त शिफारस असलेल्या सेटिंग्ज लावाव्यात आणि तिथेच थांबावं. ‘मर्यादित’ गटात शोध, लोकेशन, कॅमेरा आणि मायक्रोफोनच्या परवानग्यांसारख्या गोष्टी येतात. व्हिडिओ कॉलमध्ये आवाज जात नाही म्हणून नवा हेडफोन आणण्याआधी हे पान तपासा. तिसऱ्या गटात विंडोज अपडेट आणि डिफेंडर (विंडोजचा अँटीव्हायरस) बंद करण्याची बटणं आहेत. त्यांना हात लावू नये. अपडेट नकोच असेल तर सेटिंग्जमधून ते पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतं, तेवढं पुरे.

शटअपने बदल केल्यावर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘यातल्या काही सेटिंग्ज तुमची संस्था सांभाळते’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ दिसू लागते. घरचा लॅपटॉप, संस्था कुठली? लॅपटॉप हॅक झालेला नाही. शटअप बऱ्याच सेटिंग्ज पॉलिसी म्हणून लिहितो, आणि पॉलिसी दिसली की विंडोज ती संस्थेची समजतं. ‘ॲक्शन्स’मधून सगळे बदल मागे घेतले की ती ओळ जाते. ऑफिसने दिलेल्या लॅपटॉपवर मात्र यातलं काहीच करू नका. तिथे खरोखरच संस्था असते.

सर्व्हिसेस: इथे सगळ्यात जास्त लोक पडतात

‘या ४० सर्व्हिसेस बंद करा’ छापाच्या याद्या बहुतेक गेमिंगवाल्यांसाठी, परदेशात बनलेल्या असतात. आपल्याकडच्या लॅपटॉपवर काय चालतं हे त्या यादीला ठाऊक नसतं.

‘स्मार्ट कार्ड’ सर्व्हिस घ्या. ‘घरी कोण स्मार्ट कार्ड वापरतं’ म्हणून ती यादीत असते. पण जीएसटी किंवा ई-टेंडरसाठी जो डिजिटल सहीचा यूएसबी टोकन लावतात, तो या सर्व्हिसवर चालतो. ती ‘डिसेबल्ड’ झाली की टोकनचा दिवा लागतो, पण सर्टिफिकेट दिसत नाही, आणि हे कळतं नेमकं टेंडरच्या शेवटच्या तासाला. सेवा केंद्रावर आधारसाठी बोटाचा ठसा घेणारं मशीनही त्याच्या आरडी (रजिस्टर्ड डिव्हाइस) सर्व्हिसशिवाय मुकं असतं. ट्वीकरच्या लेखी ती ‘मायक्रोसॉफ्टची नसलेली, अनावश्यक’ सर्व्हिस.

मराठी टाइप करणाऱ्यांसाठी आणखी एक. ‘टेक्स्ट इनपुट मॅनेजमेंट सर्व्हिस’ (विंडोज १० मध्ये तिचं नाव ‘टच कीबोर्ड अँड हँडरायटिंग पॅनल सर्व्हिस’) ‘टचस्क्रीन नाही, मग कशाला’ म्हणून सर्रास बंद केली जाते. त्यानंतर विंडोज की + स्पेस दाबून मराठी फोनेटिकवर जाता येत नाही, इमोजीची खिडकी उघडत नाही आणि कधी कधी स्टार्टच्या शोधपट्टीत अक्षरच उमटत नाही. कीबोर्ड बिघडला असं वाटतं. बिघडलेलं काही नसतं. ‘ऑप्शनल फीचर्स’ साफ करणाऱ्या स्क्रिप्टने ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’ उडवले, तर मंगल, कोकिळा, अपराजिता जातात आणि जुन्या वर्ड फाइलींची पानं सरकतात. निर्मला यूआय मूळ विंडोजमध्येच असल्याने वाचता सगळं येतं, फक्त रचना बिघडते.

एखादी सर्व्हिस नकोशीच असेल, तर ‘डिसेबल्ड’ करण्याऐवजी ‘मॅन्युअल’ करा. मॅन्युअल सर्व्हिस कुणी मागितली तरच उठते, एरवी रॅम खात नाही. ‘डिसेबल्ड’ सर्व्हिस मागितली तरी उठत नाही आणि मागणारा प्रोग्रॅम कोसळतो. मुळात या खटाटोपात वाचते ती रॅम थोडीच. टास्क मॅनेजरमध्ये ‘सर्व्हिस होस्ट’च्या सत्तर-ऐंशी ओळी दिसल्या तरी घाबरू नका, साडेतीन जीबीपेक्षा जास्त रॅम असेल तर विंडोज बहुतेक सर्व्हिसेस मुद्दाम वेगवेगळ्या चालवतं.

पेजफाइल (रॅम अपुरी पडली की विंडोज डिस्कवर वापरतं ती फाइल) बंद करू नका. रॅम भरली की क्रोम आणि एक्सेल काही न सांगता बंद पडतात. एक्सबॉक्स गेम बार उपटून काढला, तर गेम उघडताना ‘यासाठी नवं ॲप हवं’ अशी खिडकी पुन्हा पुन्हा येते. जागा मोकळी करताना ‘टेम्पररी फाइल्स’च्या यादीत ‘डाऊनलोड्स’लाही चौकोन असतो, तिथे टिक पडली तर बँकेची स्टेटमेंट्स आणि मुलांची हॉल तिकिटं एकत्रच जातात. होस्ट्स फाइलमध्ये (कोणत्या साइटचं नाव कुठे न्यायचं ते सांगणारी फाइल) मायक्रोसॉफ्टचे पत्ते अडवले, तर डिफेंडर तोच बदल धोका म्हणून पकडतो.

बिघडलंच तर

विंडोज सुरू होत असेल तर उलट क्रमाने मागे या: शेवटचा बदल आधी काढा, रीस्टार्ट करा, बघा. वहीत क्रम लिहिलेला असेल तर हे पंधरा मिनिटांचं काम आहे.

साइन इनपर्यंत येऊन अडकत असेल तर शिफ्ट दाबून धरून ‘रीस्टार्ट’ करा. ‘ट्रबलशूट’, ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘स्टार्टअप सेटिंग्ज’, ‘रीस्टार्ट’, मग ४ दाबा; सेफ मोड (मोजक्याच गोष्टींसह चालणारं विंडोज) उघडतो. तिथे ऑटोरन्स चालतो, काढलेली टिक परत लावता येते.

साइन इनही येत नसेल तर विंडोजचं चिन्ह दिसताच पॉवरचं बटण दाबून धरून बंद करा. दोन-तीनदा असं केलं की विंडोज आपणहून दुरुस्तीच्या पडद्यावर जातं. तिथून ‘सिस्टीम रिस्टोअर’ निवडा. कागदावरची ४८ अंकी की इथेच लागते. रिस्टोअर मध्येच बंद करू नका. अर्धा तास पडदा हलला नाही तरी चार्जर लावून वाट बघा.

रिस्टोअर झाल्यावरही सेटिंग्ज उघडत नसतील किंवा स्टार्ट मेनू कोरा असेल, तर सिस्टीमच्या फाइली बिघडल्या आहेत. डिझम आणि एसएफसी ही त्या दुरुस्त करणारी विंडोजचीच साधनं. ॲडमिन टर्मिनलमध्ये आधी डिझमची ‘रिस्टोअर हेल्थ’ आज्ञा, ती पूर्ण झाल्यावर एसएफसीची ‘स्कॅन नाऊ’. क्रम हाच, कारण एसएफसी ज्या साठ्यातून चांगल्या फाइली घेतो तो साठा डिझम दुरुस्त करतो. यानेही झालं नाही तर ‘रिसेट धिस पीसी’मध्ये ‘कीप माय फाइल्स’. फाइली राहतात, टाकलेली सॉफ्टवेअर जातात, म्हणून टॅली किंवा सहीच्या टोकनचे सेटअप आणि लायसन्स आधी हाताशी ठेवा.

वर्षातून एकदा येणाऱ्या मोठ्या अपडेटनंतर यातले काही बदल विंडोज गुपचूप पूर्ववत करतं. म्हणून शटअपमधून सेटिंग्जची फाइल ‘एक्सपोर्ट’ करून ठेवा. अपडेटनंतर चार-पाच दिवस लॅपटॉप नीट चालतो का बघा, ट्वीकरची नवी आवृत्ती उतरवा, आणि मगच ती फाइल परत ‘इम्पोर्ट’ करा. जुनी आवृत्ती नव्या विंडोजवर चालवली की टिक एका गोष्टीला पडते आणि बदलते दुसरीच.